'शे' आणि 'नही'

"मरेल नही शे!"

अक्काचं हे उत्तर ठरलेलं. शेठ विचारायचे, "अक्का, हा लॅपटॉप अजून किती दिवस चालवणार?" अक्का त्याच्या झाकणावर थाप मारायची आणि म्हणायची, मेलेला नाही अजून!

धुळ्यात आमच्या शेठचं लग्नपत्रिकांचं दुकान. अक्का टायपिंग करायची, मी प्रूफं वाचायचो. अशा दुकानात तुम्ही गेला असाल तर अशी एक बाई पाहिलीच असेल: चष्मा कपाळावर, बोटं कीबोर्डवर आणि तोंड गिऱ्हाइकाशी भांडण्यात. लॅपटॉपचं बटण दाबून ती चहाला जायची. चहा पिऊन आली तरी स्क्रीनवर गोल फिरतच असायचा.

त्यात एक जुनं मराठी सॉफ्टवेअर होतं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, त्यामुळे ते परत मिळणार नव्हतं. अक्काने त्याला अहिराणी शिकवली होती. शब्दाखाली लाल रेघ आली की ती 'शब्द जोडा' दाबायची. शे, माले, तुले, बठ्ठा. "मनी माय जलमभर अशुद्ध बोलनी का?" माझी आई जन्मभर अशुद्ध बोलली का, असं त्या रेघेलाच विचारायची.

मी प्रूफांत डोकं खुपसायचो. माझ्याही घरी अहिराणीच, पण दुकानात मी 'शे'वाला नाही, 'आहे'वाला. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. आता लपवून काय करू?

एकदा अक्का रजेवर होती आणि शेठच्या नव्या कॉम्प्युटरवर एक अहिराणी पत्रिका झाली. 'बठ्ठा जन या', म्हणजे सगळे या. मशिनने स्वतःच्या अकलेने 'बठ्ठा'चं 'मठ्ठ' केलं. घाईत प्रूफ माझ्याकडे न येताच छापून गेलं, 'मठ्ठ जन या'. नवरदेवाचे आबा पत्रिका नाचवत दुकानात आले. "मना बठ्ठा पाव्हना मठ्ठ शेतस का?"

अक्का परतल्यावर शेठना एवढंच म्हणाली, "मना लॅपटॉप हळू शे, पन बहिरा नही."

मग त्याची हार्ड डिस्क टकटक वाजू लागली. रिपेअरवाला म्हणाला, "एसएसडी टाकू, नव्या जातीची डिस्क. फॉरमॅट मारून नवीन विंडोज देतो. पळेल एकदम."

"आनि मना शब्द?"

"ते जातील अक्का. परत टाइप करा."

"मंग हात लावू नको." तिने लॅपटॉप उचलला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. "भाऊ, आपन करू."

विकत आणलेली एसएसडी एका डबीत घालून आम्ही ती यूएसबीला जोडली. जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवायची होती. माझा हात माउसवर थांबला. दोन्ही डिस्क आकाराने जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. उलटं निवडलं तर कोरी डिस्क भरलेलीवर चढणार, आणि अक्काचे शब्द गेलेच.

अक्काने मला बाजूला सारलं. जुन्या डिस्कचं नाव टाइप केलं 'शे'. कोरीचं, 'नही'.

"आते सांग, कोठून कोठे?"

"'शे'वरून 'नही'वर."

"दाब."

पट्टी दुपारभर सरकत राहिली. टकटक वाढली की अक्का झाकणावर हात ठेवायची. पट्टी भरली, तेव्हा आम्ही जुनी डिस्क काढून तिच्या जागी नवी बसवली. बटण दाबून अक्का सवयीने चहाला उठली. तिने चप्पल घालेपर्यंत स्क्रीन उघडली होती! उभ्याउभ्याच तिने 'बठ्ठा' टाइप केलं. लाल रेघ आली नाही.

मी डिस्कचं नाव पाहिलं. नकलेत नावही उतरलं होतं: 'शे'. 'नही' कुठेच उरलं नव्हतं.

अक्का आता नाही. लॅपटॉप तिची भाची भडगावला घेऊन गेली. अहिराणी पत्रिका ती तिथे त्याच्यावरच करते. जुनी डिस्क माझ्या टेबलावर राहिली. परवा शेठ म्हणाले, "ते मेलेलं टाका आता भंगारात."

दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी डिस्कवर थाप मारली.

"मरेल नही शे!"