रानडुकराची ऊब
हीटरवर वाळणाऱ्या बुटांचा ओलसर वास आला की जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळचं ते जंगल आठवतं. नववीत शाळा सोडून आलेल्या मला काम आणि खोली देणारे जर्मन आजोबा शिकारीला घेऊन गेले होते. बर्फात बसून पायांची बोटं बधिर झाली. ती झडली तर कामावर दिवसभर उभं कसं राहायचं, या धास्तीने मी रडकुंडीला आलो. "आल्झो, चल, बूट काढ," म्हणत आजोबांनी नुकत्याच मारलेल्या रानडुकराच्या पोटाला माझे पाय टेकवले. "त्याला आता ऊब नकोय." पाय लागला म्हणून मी डुकराला हात लावून नमस्कार केला, तशी आजोबांनीही टोपी काढली. बोटं वाचली, आजोबांचे उपकारच. पण तळव्यांखाली ते अंग हळूहळू गार होत गेलं, तेवढं अजून पांघरुणात जाणवतं आणि मी पाय आखडून घेतो.