रंग सांगणारी

रफूवालीला आता खुर्चीतून उठायचं होतं. उठायचं म्हणजे कायमचं. मान धरलेली, पाठीचं लाकूड झालेलं, आणि दुकान लेकाच्या हवाली करायचं हे तिने मनाशी पक्कं केलेलं. लेकाचा हात तिच्याहून सफाईदार होता. त्याने बुजवलेलं भोक कपडा उलटून पाहिला तरी सापडत नसे. सापडलंच, तर रंगामुळे.

परवा त्याने एका वकिलाच्या तपकिरी कोटाची बाही शेवाळी धाग्याने रफू केली. टाके असे की बघत राहावं. रंग असा की वकील बघतच राहिला. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागा काढून घेता आला की लेकाचं काम बिनचूक व्हायचं, पेटीतलं रीळ घ्यायची वेळ आली की सगळी माती. रफूवालीने तोंड सोडलं. त्याच्या लहानपणापासून सोडतच आली होती: लक्ष नाही, बेफिकीर, बापावर गेलाय. बाप, म्हणजे तिचा नवरा, होता तोवर हे मुकाट ऐकून घ्यायचा. गरीब माणूस, दुसऱ्याचं खापर डोक्यावर घेऊन गेला.

या वेळी तिला वाटलं, चष्मा लागला असेल. म्हणून ती लेकाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी त्याला रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली. ठिपक्यांत लपलेले आकडे रफूवालीला मागच्या बाकावरून दिसत होते. लेकाला नुसते ठिपकेच दिसत होते.

मग बाईंनी समजावून सांगितलं. शरीर कसं घडवायचं याच्या सूचना पेशीपेशीत असतात, अर्ध्या आईकडून आलेल्या, अर्ध्या बापाकडून. लाल-हिरव्यातला फरक कळण्याची सूचना एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. बाईकडे ती गुणसूत्रं दोन, पुरुषाकडे एकच. बाईचं एक बिघडलेलं असलं तरी दुसरं सांभाळून घेतं, तिला पत्ताही लागत नाही. मुलाला मात्र आईच्या दोनातलं एकच मिळतं, आणि कुठलं मिळेल ते नशीब. बापाचं एक्स मुलाला मिळतच नाही.

"म्हणजे माझ्याकडून," रफूवाली म्हणाली.

"हो. आणि तुम्हाला बहुतेक तुमच्या वडिलांकडून. त्यांना रंग नीट ओळखता यायचे?"

ती हो म्हणणार होती, तेवढ्यात तिला रिळांची पेटी आठवली. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं होतं. वडीलही रफूगार. तिला कळायला लागल्यापासून त्यांनी तिला पेटीजवळ बसवलं होतं. ते कपडा पुढे करत, ती रीळ काढून देई. त्यापायी शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. परगावचं चांगलं स्थळ आलं ते त्यांनी मोडलं आणि तिला गल्लीतच दिलं. तिला वाटायचं, बापाचा आपल्यावर फार जीव. असेलही. पण त्यांना रंग ओळखायला तिचे डोळे हवे होते, आणि हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. खरं तर संताप यायला हवा होता. तेवढंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

परतताना लेकाने विचारलं. कानशिलं पिकायला लागलेला बाप्या, पण आवाज कोवळा झाला.

"म्हणजे मी बेफिकीर नव्हतो?"

"नव्हतास रे. चुकलं माझं."

त्याने बाहीने डोळे पुसले. आता रंग विचारायचे आणि काम करायचं, एवढं सोपं आहे, असं त्याला वाटलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो शीळ घालत घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान उघडायला गेला. लेकीला बापाचं एक्स मिळतंच, पण आईचंही असतं, तेव्हा तुमच्या मुलीला रंग स्वच्छ दिसतील, असं बाईंनी जाता जाता सांगितलं होतं. त्याच्या लक्षात नेमकं तेवढंच राहिलं.

वकिलाची बाही उसवून तो बसला होता. नात पाठीला दप्तर लावून दारातून निघाली.

"चिमणे, इकडे ये. याला कुठलं रीळ लागेल बघ बरं. आज शाळा बुडली तर काही बिघडत नाही."

पोर हरखली. दप्तराचा एक पट्टा खांद्यावरून उतरलासुद्धा. रफूवाली पलंगावर आडवी होती, ती भिंतीला धरून उठली. तिने पट्टा पुन्हा खांद्यावर चढवला, नातीला दाराबाहेर काढलं आणि पेटी आपल्याकडे ओढून घेतली.

"तिला जाऊ दे," ती म्हणाली. "मी आहे अजून."