मला त्या बहिणीचा हेवा वाटला

मंडळी, एरवी मी इथे फक्त वाचते. आज लिहिते आहे.

सकाळी कसालच्या बाजारात माझ्यासमोरच एक माणूस कोयता घेऊन रस्त्यात उभा राहिला. सगळे आपल्याला विष घालतात, असं ओरडत होता. त्याच्या बहिणीनेच पोलिसांना फोन केला.

हवालदार आला. काठी जीपमध्ये ठेवून तो थोडा लांब, रस्त्यातच खाली बसला.

"बस रे भावा. तुझो कोयतो बघून माझेच पाय थरथरतत."

"तुमी माका बांधतलास!"

"दोरी खंय आसा? जीपीत बघ जाऊन."

अर्ध्या तासाने त्या माणसाने कोयता खाली ठेवला. बहीण आभार मानू लागली, तर हवालदार म्हणाला, "आमका आता तसा शिकवतत, ताई." मग भाऊ-बहीण जीपमध्ये शेजारी बसून दवाखान्यात गेली.

पासष्ट-सहासष्ट साली माझा दादा असाच बिथरला होता. मीच पोलिसांना बोलावणं धाडलं. त्यांनी त्याला सुंभाने बांधून मारत नेलं. त्यांना दुसरं काही कोणी शिकवलंच नव्हतं, हे मला कळतं. पण दादा जिवंत परतला नाही.

आज मला आनंद व्हायला हवा होता. जीपमध्ये बसण्याआधी ती बहीण भावाची पडलेली चप्पल उचलू लागली, तेव्हा मी तोंड फिरवलं. मी केलं तेच तिनेही केलं होतं, आणि तिचा भाऊ तिच्याजवळ होता.

खरं सांगा, कोणाचा तरी भाऊ वाचला म्हणून तुमच्यापैकी कोणाला कधी असा हेवा वाटला आहे का?