ढक्कनभाऊ

नवीन झाकण मशीनमधून बाहेर आलं की ढक्कनभाऊ ते आधी ओठांना लावत. मोजमाप नंतर. रिकाम्या कपावर झाकण दाबायचं, डोळे मिटायचे आणि दोनदा नुसती हवा प्यायची. पसंत पडलं तर मान हलवत. नाही तर झाकण माझ्या टेबलावर उलटं ठेवून निघून जात. उलटं म्हणजे नापास.

चंद्रपूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात चहाच्या कागदी कपांची प्लास्टिकची झाकणं बनत. मी डिप्लोमा करून आलेली, कॉम्प्युटरवर झाकणांची डिझाइन काढायची. भाऊ त्यावरून साचा घडवायचे. उमेदीची वर्षं माजरीला खाणीची मशीनं दुरुस्त करण्यात घालवून ते इकडे आले होते. ढक्कन म्हणजे बावळट, म्हणून कामगार ते नाव घेताना हसत. भाऊ म्हणत, "झाकण बनवणाऱ्याले ढक्कन नाई म्हणतीन तर काय बादली म्हणतीन?"

पुतणीच्या लग्नासाठी ते एकदा आठ दिवस सुट्टीवर गेले. त्यांनी जाण्याआधी माझ्या नव्या डिझाइनचा साचा करून ठेवला होता, पण त्यातून निघालेलं झाकण पाहिलं नव्हतं. ऑर्डरची घाई होती. मी कपात पाणी भरलं, झाकण लावलं, पिण्याचं भोक चिकटपट्टीने बंद करून कप उलटा केला. थेंब पडला नाही. मी माल सोडला.

चौथ्या दिवशी चहावाल्याचा फोन आला. बसस्टँडवर एका बाईच्या मांडीवर अख्खा कप सांडला होता.

भाऊ परत आल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, पाणी गरम होतं की थंड. थंड होतं. गरम चहाने कपाची कड मऊ पडते आणि झाकणाच्या कडेची खाच उथळ असेल तर पकड सुटते. खाच मी उथळ काढली होती. तेवढ्यात मालक आले. भाऊंनी त्यांना सांगितलं की साचा घासताना आपलाच हात चुकला. मालक सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते बोलले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

संध्याकाळी ते मला घेऊन दवाखान्यात गेले. ती बाई मूल तालुक्यातली होती, बांधकामावर मजुरीला आलेली. भाऊ तिच्या खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "झाकण या मॅडमनं काढलं, साचा मी केला. दोघांनीही गरम चहा टाकून नाई पाह्यला. म्हणून दोघं आलो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता चहाची वाफ पाह्यली का भेव लागते मले."

मालकांशी खोटं का बोललात, असं मी परतताना विचारलं. "मालकाले कोणाले तरी बोलाचं होतं, बोलला," भाऊ म्हणाले. "बाईले खरं पाह्यजे होतं."

दुसऱ्या दिवशी मी मालकांना खरं सांगितलं. नोकरी कशीबशी राहिली. भाऊ या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत, मात्र त्यांनी एक नवी पद्धत सुरू केली. कपात उकळतं पाणी भरायचं, झाकण लावायचं, भोक बंद करून कप उलटा धरायचा आणि डिझाइन काढणाऱ्याने आपला तळहात खाली धरायचा. पहिल्यांदा मी हात मागे घेतला. भाऊंनी शांतपणे झाकण उलटं ठेवलं. "तुह्या हाताले भेव वाटून राह्यलं, म्हणजे झाकण तयार नाई झालं." सहाव्या साच्याला माझा हात जागचा हलला नाही.

पुढे प्लास्टिकची झाकणं मागे पडली, मशीन विकलं गेलं. मी नागपूरला दुसऱ्या कंपनीत गेले, भाऊ मूलजवळच्या आपल्या गावी.

ते वारण्याआधीच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. दोन्ही हात सारखे कापत होते, बोलणंही कमी झालं होतं. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला कपबशीत चहा दिला. भाऊंसाठी त्यांनी कागदी कप आणला, त्यावर आमचं सहाव्या साच्याचं झाकण. भाऊंनी कारखान्यातून या झाकणांचं एक पाकीट आणून ठेवलं होतं. काकू वापरातलं झाकण रोज भांड्यांबरोबर घासत, उन्हात सुकवत. एक झाकण चिरलं की दुसरं काढत. ग्लासातला चहा अर्धा अंगावर जायचा, म्हणून ते पाहुण्यांसमोर चहा घेणंच टाळायचे, असं काकूंनी सांगितलं.

भाऊंनी दोन्ही हातांनी कप धरला. तो तोंडापर्यंत जाताना इतका हलत होता की मी नकळत पुढे झाले. त्यांनी मानेनेच मला बस म्हणून खुणावलं आणि पाहुण्यासमोर, एकट्याने, सगळा चहा संपवला. सदऱ्यावर एक थेंब नव्हता.