साहेबाचा सागवानी पलंग

माझ्या बहिणीच्या लग्नात मुलाकडच्या मंडळींनी काहीही मागितलं नव्हतं. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

मागितलं असतं तर बाबांनी घासाघीस केली असती आणि मी तोंड मिटून बसलो असतो. पण साक्षगंधाच्या दिवशी पांढुर्ण्याचे व्याही, किराणा दुकानवाला साधा माणूस, हात जोडून म्हणाले, "आमाले काई नको जी. नारळ द्या अन् पोरगी द्या." झालं! पंचवीस-तीस माणसांसमोर सगळा मोठेपणा दुसऱ्याच्या पदरात पडलेला मला बघवेना. मी तेव्हा सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवत होतो आणि माझं वय सव्वीस होतं. (या दोन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या की त्याला गप्प बसवणं देवालाही जमत नाही.) मी ताडकन उभा राहिलो.

"माझ्याकडून कुसुमले साहेबाचा सागवानी पलंग!"

"कोन्या साहेबाचा?" बाबांनी विचारलं. त्यांना हे प्रथमच कळत होतं. मलाही.

साहेब म्हणजे मँगनीजच्या खाणीवरचा गोरा साहेब. देश स्वतंत्र झाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचायला आठ-नऊ वर्षं लागली असावीत. त्या साली तो एकदाचा विलायतेला गेला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव साक्षगंधानंतरच्याच आठवड्यात होता. शहाण्या माणसांनी बादल्या घेतल्या, कंदील घेतले, कपबश्या घेतल्या. पलंगावर बोली लावणारे दोघंच, मी आणि एक संत्र्याचा बागाईतदार. दोन बोल्या झाल्यावर बागाईतदार खाली वाकला, पलंगाच्या पोटाला नखानं जरा खरडलं, बिडी पेटवली आणि चालता झाला. मला वाटलं, मला भ्याला!

पलंग मात्र ऐटदार होता. कमरेइतका उंच, चार कोपऱ्यांना मच्छरदाणीचे कोरीव खांब आणि उशाशी लाकडी मोर. मोराला चोच नव्हती, एका खांबाला वाळवी होती आणि रंग कुठला म्हणायचा ते ठरत नव्हतं. बाबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"याच्यावर साहेब झोपे का साहेबाची घोडी?"

माय म्हणाली, "आपल्या सुतारालेच दाखव ना रे. तो करून देईन."

"आपला सुतार? माय, तो वखरं करते, बंडीची चाकं करते. असल्या वस्तूले नागपूरचाच हात पायजे!"

कुसुम म्हणाली, "दादा, कायले एवढं करून राहिला तू? मले पलंग नको." पण तिला विचारलंच कोणी होतं?

त्या वेळी नागपूर आमचंच होतं. राजधानीच होती आमची. कोर्ट, कॉलेज, दाढदुखी, सगळ्याला आम्ही नागपूरच गाठत असू. मी पलंग सुटा केला, बंडीत घातला आणि शामराव गाडीवानाला घेऊन नागपूरच्या एका नामांकित मिस्त्रीकडे पोचवला. मिस्त्रीनं लाकडावरून बोट फिरवलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सागवानी रंग द्याचा का जी?"

"सागवानाले सागवानाचाच रंग देतात ना?"

"बरं जी," तो म्हणाला आणि पुढे एक शब्द बोलला नाही. व्यवहारी माणूस होता.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं आणि पलंग तयार झाल्याचं कार्ड आलं. कुसुमचं लग्न चार दिवसांवर होतं. मी आणि शामराव निघालो. काय तो पलंग! मोराला नवी चोच आणि खांबांना चपड्याचं असं पॉलिश, की त्यात बघून मी टोपी नीट केली. मिस्त्री म्हणाला, "कोनी म्हननार नाई का हा जुना हाये." मी त्याला शाबासकी दिली.

मधल्या काळात एक किरकोळ गोष्ट घडली होती, ती म्हणजे राज्यांची पुनर्रचना. सौंसर जागचं हललं नव्हतं, नागपूरही हललं नव्हतं. पण नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आमची राजधानी भोपाळला गेली आणि दोघांच्या मध्ये, लोधीखेड्याजवळ, रस्त्यावर एक बांबू आडवा झाला. ही हद्द मी स्वतः वर्गातल्या नकाशावर खडूनं काढून दाखवली होती. त्या रेघेवर एक माणूस खुर्ची टाकून बसलेला असतो, हे पुस्तकात नव्हतं.

"पास?" जंगलनाक्याच्या शिपायानं विचारलं.

"कायचा पास?"

"सागवान परराज्यातून आनून राहिले तुमी."

"परराज्य कायचं? नागपूरहून आणून राहिलो!"

"तेच म्हनतो. परराज्य."

"अहो, हा दुरुस्तीले गेला होता. सौंसरहूनच गेला!"

"जातानी पास घेतला होता?"

"जातानी एकच राज्य होतं!"

"मंग येतानीबी तवाच याचं होतं."

मग मी शेवटचं हत्यार काढलं. "हा जुना पलंग आहे. साहेबाचा. जुन्या सामानाले पास नसते."

शिपायानं खांबात स्वतःचं तोंड पाहिलं, मिशी सारखी केली. "हा जुना? काल रंधा मारला याले. गुरुजी, मले येडा समजून राहिले का?"

"देवाशपथ जुना आहे!"

"दाखवा मंग जुना करून."

बंडीत शामरावचा कडबा कापायचा विळा होता. मी तो घेतला आणि ज्या पॉलिशसाठी चाळीस कोस हेलपाटे घातले, तेच पॉलिश भर रस्त्यात बसून खरवडू लागलो. येणारे-जाणारे थांबू लागले.

"काय करून राहिले जी गुरुजी?"

"पलंग जुना करून राहिले," शामरावनं बिडीचा झुरका घेत सांगितलं.

तासाभरानं दोन खांब आणि मोराची मान उघडी पडली. शिपाई वाकला, नखानं खरडलं, वास घेतला आणि खो खो हसत सुटला.

"गुरुजी, हा आंबा हाये!"

"कोण?"

"पलंग! आंब्याचं लाकूड. याले पास लागतच नाई. पैलेच सांगाचं ना!"

मला खरंच रडू आलं. ज्या माणसांसमोर छाती फुगवून बोललो, त्यांच्याचसमोर दुसऱ्या दिवशी हे मांडायचं होतं. शिपायाला दया आली असावी. "पुढं कोनी अडवलं तं असू द्या," म्हणत त्यानं वही उघडली. तिच्यात दोनच रकाने होते, इमारती आणि जळाऊ. आंबा इमारतीत बसेना. दुसऱ्यात लिहून त्यानं शिक्का मारला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी ती खिशात कोंबली.

लग्नाच्या दिवशी सकाळी बंडी घरी लागली. पलंगाचे तुकडे मांडवामागे उतरवले. खरवडलेली बाजू भिंतीकडे करून जोडायचा, कोणाला बोलायचं नाही, असं मी ठरवलं. आहेराच्या यादीसाठी दुसरी एक चिठ्ठी लिहिली, 'साहेबाचा पलंग, एक', आणि तीही त्याच खिशात टाकली. (सागवानी हा शब्द गाळला. एवढा प्रामाणिकपणा मला पुरेसा वाटला.) तेवढ्यात वऱ्हाड आलं आणि जोडायचं राहून गेलं.

अक्षता पडल्या. आमच्याकडे आहेर मोठ्यानं पुकारतात, आणि पुकारणारे होते आमचे मामा. आवाज खणखणीत, पण आधी वाचायचं आणि मग समजून घ्यायचं, अशी त्यांची पद्धत. मी खिशातली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

"मुलीच्या भावाकडून," मामा गरजले, "जळाऊ लाकूड, आंबा, बंडी एक!"

तेवढ्यात मांडवामागून आचाऱ्याचा आवाज आला.

"मिळालं जी! मस्त जळून राहिलं!"

मी धावलो. भट्टीत दोन खांब धडधडून पेटले होते आणि मोराची नुसती शेपटी बाहेर होती. विळ्यानं ओरबाडलेला तो ढीग बघून आचाऱ्यानं दुसरं समजायचं तरी काय?

तोंड काळं करून मांडवात परतलो. सकाळपासून रडून डोळे सुजवलेली कुसुम पदरात तोंड खुपसून हसत होती. तिला हसताना पाहून मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. व्याही उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "गुरुजी, नारळच देला असता तं?"

पंगतीत बुंदीचं फार कौतुक झालं. "आंच बराबर लागली जी," आचारी सगळ्यांना सांगत होता. बहिणीच्या लग्नात माझी काही मदत झाली असेल तर ती एवढीच, आणि तीही त्यानं मला न विचारता घेतली म्हणून.