तिकीट वहिनींना

सुलक्षणा घाडी मूळची मानखुर्दची. मॅट्रिक झाली आणि १९८० साली लग्न होऊन घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत आली. नवरा मधुकर विक्रोळीच्या एका कारखान्यात होता आणि उरलेला सगळा वेळ पक्षाचा. भिंती रंगवणं, सभेच्या खुर्च्या लावणं, पुढाऱ्यांच्या मागेपुढे करणं, सगळं त्यानं वर्षानुवर्षं केलं होतं. एक दिवस आपण नगरसेवक होणार हे त्यानं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

तिला राजकारणात आणलं त्यानंच. टेकडीवर पाणी चढत नव्हतं. पक्षाच्या मोर्चाला बायका हव्या होत्या, म्हणून त्यानं तिला चारजणी गोळा करायला सांगितलं. तिनं अख्खी टेकडी खाली उतरवली. पोलीस हटवू लागले तसे पुरुष मागे सरले, आणि सुलक्षणा रिकामा हंडा पुढ्यात घेऊन वॉर्ड ऑफिसच्या फाटकातच बसली. तिच्या मागे बाकीच्या बसल्या. शेवटी साहेबाला बाहेर यावं लागलं. तेव्हा मधुकरला अभिमानच वाटला होता.

पंच्याऐंशी साली महापालिकेची निवडणूक लागली. विभागाचे पुढारी मार्तंडराव यांनी त्याला बोलावून घेतलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

"मधू, तिकीट तुझ्याच घरात देतोय," मार्तंडराव म्हणाले. मधुकर पाया पडायला वाकला. तो वाकलेला असतानाच ते पुढे म्हणाले, "वहिनींना."

प्रचार त्यानं जीव तोडून केला. पण तिच्या गळ्यातले हार काढून त्याच्या हातात दिले जायचे, आणि ते धरून उभं राहताना त्याचा चेहरा उतरायचा. ती निवडून आली. लोक दारात येऊन विचारायचे, बाई आहेत का? कारखान्यातही कुणी त्याला मधुकर म्हणेना, बाईंचा नवरा म्हणू लागले. तिच्या भाषणातल्या चुका तो घरी येऊन मोजून दाखवायचा. तिच्यासाठी महापालिकेची जीप आली की हा मोरीत जाऊन बसायचा.

मग पाण्याच्या लाईनची जागा बघायला इंजिनियर येणार असं ठरलं. निरोप घरी आला तेव्हा सुलक्षणा बाहेर होती. मधुकरनं तो ऐकून घेतला आणि तिला सांगितलाच नाही. इंजिनियर आले, जागा दाखवायला बाई येतील म्हणून वाट बघून परत गेले. काम पुढच्या वर्षावर गेलं. नळावर बायका तिला तोंडावर बोलल्या. शेजारची द्रौपदी मावशी म्हणाली की निरोप्या आला तेव्हा मी तुझ्या दारातच तांदूळ निवडत होते गं, तुझ्या नवऱ्याक, तुझ्या घोवाक सगळा ठावक होता.

त्या संध्याकाळी सुलक्षणानं त्याला समोर बसवलं.

"तिकीट तुम्हाला मिळालं असतं तर आल्यागेल्याला चहा मीच केला असता ना? मी निरोप लपवले असते?"

"माझी जागा होती ती," मधुकर म्हणाला.

"तर मग माझ्यावर राग काढा. बायकांच्या डोक्यावरचा हंडा कशाला वाढवता?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं लोकांना भेटायची जागा टेकडीखालच्या गणपती मंडळाच्या शेडमध्ये हलवली. घरी कुणी येईना. मधुकरला ते जास्तच लागलं. तरी येताजाता तो शेडकडे बघायचा, आज किती माणसं आहेत ते.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाणी वर आलं. उद्घाटनाला मार्तंडरावांनी त्याला स्टेजवर बोलावलं. तो गेला नाही, बायकांच्या मागे उभा राहिला. घरी आल्यावर तिनं कारण विचारलं.

"जळतो मी," तो म्हणाला. "तुला हार घातला की अजून जळतो. ते जाईल असं वाटत नाही. पण तुझा निरोप परत दाबणार नाही."

सुलक्षणानं माफी मागायला लावली नाही. उद्या सकाळी कांदिवलीला सभा आहे, लवकर उठवा, एवढंच सांगून ती भात लावायला उठली.