मागं ऐकू आलं नाही

“देव बघतोच आहे. पण त्याला कामं फार. म्हणून मीही बघते,” असं बाई चष्मा पदराला पुसत म्हणायच्या. चष्मा पुसायला लागल्या की काहीतरी धारदार बाहेर पडणार, हे आम्हा शाळेतल्या शिक्षिकांना ठाऊक होतं.

सांगलीतल्या आमच्या शाळेत त्या पहिलीला शिकवायच्या. यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वतःचा बंगला, दारात मोटार, घरात फ्रीज. आम्ही दोघी एकाच ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणून रविवारी देवळातही, म्हणजे चर्चमध्येही, शेजारी बसायचो. वेदीवरची फुलं त्यांच्या बागेतली, मुलांचा रविवारचा वर्ग त्यांचा, कुणी आजारी पडलं की डबा त्यांचा. कुणी कौतुक केलं तर म्हणायच्या, “पंख्याखाली बसून केलेली सेवा ही. घाम कुठं आलाय?”

घाम पुढं आला.

त्यांची एकुलती मुलगी मिरजेला एका दवाखान्यात नर्स होती. साताऱ्याच्या एका चांगल्या घरी तिचं लग्न ठरलं होतं. आमच्या मंडळीचा कारभार बघणारे एक वजनदार पंच होते. त्यांनी आपल्या पुतण्यासाठी तिला आधी मागणी घातली होती आणि बाईंनी नाही म्हटलं होतं. पंचांनी साताऱ्याच्या लोकांना सांगितलं की मुलगी एका डॉक्टरबरोबर महाबळेश्वरला राहून आली आहे. मुलीनं महाबळेश्वर तोवर पाहिलंही नव्हतं. लग्न मोडलं. ती नागपूरला नोकरी घेऊन निघून गेली आणि पुन्हा सांगलीला आली नाही.

बाई भांडायला गेल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी फक्त जागा बदलली. मला घेऊन पंचांच्या बरोब्बर मागच्या बाकावर बसल्या.

“इथं का?” मी विचारलं.

“मान बघायला. माझी नजर टेकली की घाम फुटतो तिला.”

खरंच फुटायचा. दर रविवारी पंच रुमाल काढून मान पुसायचे, आणि बाई शांतपणे गीताचं पुस्तक उघडायच्या.

प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीचं, ताट आलं की मात्र त्या भाकर न घेता ते माझ्याकडं सरकवायच्या. “ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी आधी समेट करून ये, असं शास्त्रात आहे. मला समेट करायचा नाही. मग खोटं कशाला खाऊ?” लहानपणापासून कधी न चुकलेल्या बाई, वर्षानुवर्षं उपाशी उठल्या.

मग आणीबाणीच्या सुमारास पंचांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ लुळी पडली. बायको आधीच वारली होती, मुलगा मुंबईला. घरात शिराळ्याकडची तानूबाई कामाला होती, पण तिला पथ्याचं जमेना. आमचे धर्मगुरू पाळकसाहेब, त्यांनी उपासनेनंतर विचारलं, “दुपारचं जेवण कोण नेईल?” सगळ्या बायका खाली बघत राहिल्या. बाईंचा हात वर गेला.

सगळ्यांना वाटलं, बाईंनी माफ केलं. एकदोघींनी डोळे पुसले. तुम्हीही पुसले असते. मी पहिल्या दिवसापासून डबा धरायला बरोबर जात होते, म्हणून मला खरं कळलं.

बाईंनी मऊ मुगाची खिचडी कालवली, वर तूप सोडलं, फुंकर घालून चमचा पंचांच्या तोंडाशी नेला आणि बोलायला लागल्या. “माझ्या मुलीची आता रात्रपाळी असते. परवा ताप होता. पाणी द्यायला कुणी नव्हतं. उघडा तोंड.” दुसरा घास. “तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना लेकरं झाली. घ्या, सांडतंय.”

पंचांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बाई तेही पुसायच्या.

“लय मायेनं भरवता तुमी,” तानूबाई म्हणाली.

“माया नाही तानूबाई. गरम आहे म्हणून फुंकते.”

रस्त्यात मी विचारलं, “बाई, ते असेच गेले तर?”

“जाऊ देणार नाही. बोलल्याशिवाय तर नाहीच.”

आणि त्यांनी पंचांना बोलायला शिकवलं. डॉक्टरांना विचारून आल्या. पहिलीतल्या पोरांना शिकवावं तसं आरसा समोर धरून ओठ कसे मिटायचे, जीभ कुठं लावायची, हे दाखवलं. पंच चिडायचे, थुंकायचे, भिंतीकडं तोंड करायचे. बाई तोंड पुसून पुन्हा सुरू. कित्येक महिन्यांनी एका दुपारी ते म्हणाले, “पाणी.” तानूबाई आनंदानं रडली. बाईंनी पाणी पाजलं आणि म्हणाल्या, “आता म्हणा, खोटं.”

पंचांनी डाव्या हातानं आरसा बाजूला सारला. बाईंनी तो पुन्हा समोर धरला.

एका रविवारी त्यांना खुर्चीवर बसवून देवळात आणलं. पाळकसाहेबांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं. पंच एकेक शब्द ओढत म्हणाले, “बाईंच्या... मुलीबद्दल... मी... खोटं बोललो.”

बाई उभ्या राहिल्या. “मोठ्यानं सांगा. मागं ऐकू आलं नाही.”

पंचांनी पुन्हा सांगितलं. या वेळी दारापर्यंत ऐकू गेलं. तरी त्या दिवशीही ताट आलं तसं बाईंनी माझ्याकडं सरकवलं. “त्याची जीभ वळली,” त्या हळूच म्हणाल्या. “माझं मन कुठं वळलंय?”

दुपारी त्यांनी नागपूरला ट्रंककॉल लावला. मुलगी म्हणाली, “बरं झालं, आई. पण हे भांडण तुझं होतं. मी इथं सुखात आहे. तू एकदा मला बघायला ये ना.” बाई फोन ठेवून चष्मा पदराला पुसत राहिल्या.

सोमवारी मला वाटलं, आता डबा बंद. बाई गेल्या. पंच म्हणाले, “आता... कशाला?”

“जेवलात का?”

“नाही.”

“मग.”

त्या दिवसापासून भरवताना त्या मुलीचं काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडं बोलायला दुसरं काहीच नव्हतं. नुसता चमचा वाजायचा.

पुढच्या थंडीत त्या नागपूरला लेकीकडं गेल्या. डबा मी नेत होते, पण पंच माझ्या हातचं घेईनात. बाई परत यायच्या आदल्या दिवशी ते गेले. बाई स्टेशनवरून थेट तिकडंच आल्या. हातात संत्र्यांची पिशवी. खाट उभी करून ठेवलेली त्यांनी पाहिली.

“काल पुरलं,” तानूबाई म्हणाली. “दाराकडं बघत हुतं आवं. बाई आल्या का, बाई आल्या का, येवडंच.”

“स्पष्ट बोलले?”

“व्हय. लय साफ.”

“काही खाल्लं?”

“न्हाई.”

बाई उंबऱ्याशी खाली बसल्या. पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं, एकेका फोडीचं साल काढून, बिया वेचून, गर बशीत ठेवू लागल्या. दात नसलेल्या माणसाला देतात तसा. मी आणि तानूबाई उभ्या होतो. त्यांना थांबवायचं आम्हा दोघींनाही धाडस झालं नाही.